जुन्या सेसना १५० विमानात पंपावरचं पेट्रोल चालतं का?

ढगातला_पोपट:
मंडळी, मी विस्कॉन्सिनमध्ये असतो, तिघांनी मिळून एक जुनं सेसना १५० घेतलंय, कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिन. ॲव्हगॅसचं (विमानाचं शिसंवालं पेट्रोल) बिल बघून पोटात गोळा येतो ते वेगळंच, शिवाय खालच्या बाजूच्या प्लगांत शिसं साठतं. परवा रनअपला (उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून बघताना) प्लगला ठिणगी देणारे मॅग्नेटो चेक करताना इतकं थरथरलं की तसंच हँगरला परत आणलं, प्लग काढला तर आत मोहरीएवढे करडे दाणे, टाचणीसारख्या हत्याराने एकेक उकरत बसलो. पार्टनर म्हणतो सरळ गाडीचं पेट्रोल टाकू. चालतं का?

प्लगवाला_काका:
चालतं, पण आधी एसटीसी काढ, म्हणजे विमानात असा बदल करायची सरकारी मंजुरी. ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेने गाडीच्या पेट्रोलसाठी १९८२ मध्ये पहिली मिळवली ती तुझ्या १५० साठीच. हे इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या ॲव्हगॅसवरचं, त्यात शिसं लिटरला फार तर ०.१४ ग्रॅम, हल्लीच्या १००एलएल ॲव्हगॅसमध्ये ०.५६ पर्यंत आणि नाव म्हणे लो लेड! फक्त इथेनॉल अजिबात नको, रबरी सील खातं आणि पाणी ओढतं. दरवेळी टेस्ट कर, काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, हलव आणि थांब. पाण्याची रेघ खुणेच्या वर गेली की इथेनॉल आहे, ते विमानात घालायचं नाही.

पुणेरी_रोटॅक्स:
आमच्याकडे उलटी गंगा 😅 मायक्रोलाइटच्या (अगदी हलक्या विमानाच्या) रोटॅक्स ९१२ इंजिनाला बिनशिशाचंच पेट्रोल आवडतं, पण कंपनी इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालवून घेते आणि इथे भारतात पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. मग घाला ॲव्हगॅस, आणि त्यातल्या शिशामुळे ऑइल १०० तासांऐवजी ५० ला, खरं तर २५ लाच बदला.

ढगातला_पोपट:
काका, दोन्ही मिक्स झालं तर? आणि व्हेपर लॉक, म्हणजे नळीत इंधनाची वाफ होऊन पुरवठा अडकणं?

प्लगवाला_काका:
मिक्स बिनधास्त कर, फक्त ॲव्हगॅसचा निळा रंग फिका पडतो त्यामुळे उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन ड्रेन करून तपासताना रंगावर जाऊ नकोस, वास घे, तळाला पाणी आहे का बघ. टाक्या वरच्या पंखांत, इंधन आपसूक खाली येतं, पंपच नाही, म्हणून व्हेपर लॉकची भीती तुला कमी. तरी हिवाळ्यातलं पेट्रोल लवकर उडतं, ते कॅनमध्ये ठेवून मे-जूनच्या उन्हात वापरू नकोस, गाडीत ओतून टाक.