वटवाघूळ दिसलं तर काय?

शाईचे डाग दाखवून 'काय दिसतं?' असं विचारणाऱ्या मानसशास्त्रीय चाचणीत वटवाघूळ दिसलं म्हणजे मनात भीती दडलीय, असं कुणी कुणी म्हणतं. इतकं सोपं नाही ते. स्विस मनोविकारतज्ज्ञ हर्मान रोर्शाकने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा कार्डांपैकी पाचव्यावर बहुतेकांना वटवाघूळ नाहीतर फुलपाखरूच दिसतं. ते उत्तर सर्वसाधारण धरतात. (शाळेत रोर्शाकचं टोपणनावही 'डाग' अशाच अर्थाचं होतं!) त्याचा भर काय दिसलं यापेक्षा कसं दिसलं यावर होता. अख्खा डाग पाहिला की एखादा कोपरा, आकारावरून की रंगावरून, हालचाल जाणवली का.

नेणिवेतल्या प्रेरणा शोधायला मला टीएटी (थीमॅटिक अ‍ॅपरसेप्शन टेस्ट, म्हणजे चित्रावरून गोष्ट सांगायची चाचणी) जास्त जवळची वाटते. हार्वर्डमध्ये मरे आणि मॉर्गन यांनी १९३५ मध्ये ती मांडली. व्हायोलिनसमोर बसलेल्या मुलाचं चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावायची. कुणाच्या गोष्टीतला मुलगा आईबापांच्या धाकाने बसलेला असतो, कुणाच्या गोष्टीतला मैफलीची स्वप्नं बघत. पण एका गोष्टीवरून निदान करणारा माणूस ज्योतिषीच म्हणायचा. पाच-सहा गोष्टींत तोच धागा पुन्हा पुन्हा आला, तर त्याकडे बघायचं. सैन्यात अधिकारी निवडणारी एसएसबी मुलाखत दिलेल्यांना हा प्रकार ठाऊक असेल, शेवटचं कोरं कार्डसुद्धा.

मोठी अडचण परीक्षकाची आहे. मानसशास्त्रज्ञ चॅपमन दांपत्याने १९६०च्या दशकात दाखवलं की तज्ज्ञांनाही उत्तरांत नसलेले संबंध 'दिसतात'. म्हणजे डाग बघून आपलं मन सांडतो तो फक्त रुग्णच नव्हे! उपचारात बोलणं सुरू करायला या चाचण्या ठीक, नोकरी द्यायची की नाही हे त्यावर ठरवू नये असं माझं मत.