मदत हवी आहे: सलाईन देऊनही सोडियम घटलं, असं का?

रानजाई
नमस्कार. नर्सिंगच्या अभ्यासातली केस आहे. ६८ वर्षांच्या बाई, वजन ६० किलो, गुंगी. रक्तातलं सोडियम १२४, साखर ९०, युरिया १८. लघवीची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) ६१६, लघवीतलं सोडियम ७०. बीपी ठीक, जीभ ओली, पायांवर सूज नाही. एक लिटर नॉर्मल सलाईननंतर सोडियम १२२. मीठ देऊनही घटलं कसं? आणि मूत्रपिंडाला मीठ धरायला लावणारं संप्रेरक अल्डोस्टेरॉन ते धरून का ठेवत नाही?

कडुलिंब
आधी रक्ताची ऑस्मोलॅलिटी काढा: सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक युरिया भागिले ६. (पुस्तकातला २.८ हा भाजक बीयूएनसाठी, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनसाठी असतो. आपल्याकडे रिपोर्टवर बऱ्याचदा युरिया असतो, तिथे गणित फसतं.) २४८ + ५ + ३ = २५६. रक्त इतकं पातळ झाल्यावर पिट्युटरीतून एडीएच (पाणी धरून ठेवणारं संप्रेरक) बंद व्हायला हवं आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी १०० च्या खाली यायला हवी. ती ६१६ आहे. म्हणजे एडीएच चालूच आहे, आणि मूत्रपिंडाच्या संकलन नलिकांतून पाणी परत रक्तात ओढलं जातंय.

आता सलाईन. लिटरमध्ये १५४ मिलिमोल सोडियम आणि तेवढंच क्लोराइड, एकूण ३०८. लघवी ६१६ इतकी दाट, म्हणून हे सगळं मीठ अर्ध्या लिटरातच निघून जातं. उरलेला अर्धा लिटर नुसतं पाणी म्हणून अंगात राहतो. बाईंच्या शरीरात पाणी साधारण ३० लिटर धरा. त्यात अर्धा लिटर वाढला की १२४ चे १२२ होतात.

अल्डोस्टेरॉन ठरतं ते मुख्यतः मूत्रपिंडातून सुटणारं रेनिन आणि पोटॅशियम यांवर. इथे पाणी साठून रक्ताचं आकारमान किंचित वाढलंय, त्यामुळे रेनिन दबलेलं आणि हृदयातून येणारं, मीठ बाहेर टाकायला लावणारं एएनपी वाढलेलं. म्हणून मीठ लघवीत जातं आणि सूजही दिसत नाही. सोडियमचा आकडा बहुतेक वेळा पाण्याचा हिशोब सांगतो, मिठाचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

रानजाई
मग एसआयएडीएच (गरज नसताना एडीएच सुटत राहण्याचा विकार) म्हणायचं का? उपाय काय?

तांबडमाती
इतक्यात नको. सकाळचं कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि औषधांची यादी बघा. कॉर्टिसॉल कमी असेल तर एडीएच दबत नाही, आणि चित्र हुबेहूब असंच दिसतं. औषधांत थायाझाइड (लघवी वाढवणारं), सर्ट्रालिन (नैराश्याचं), कार्बामाझेपिन (फिटचं) आधी शोधा.

एसआयएडीएच ठरलं तर दिवसभराचं द्रव ८०० मिली ते १ लिटर, त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं धरून. पण लघवीची ऑस्मोलॅलिटी ५०० च्या वर असताना तेवढ्याने बहुधा भागत नाही, डॉक्टर सोबत दुसरं औषध जोडतात. फिट आली तर मात्र ३ टक्के सलाईन, १५० मिली २० मिनिटांत. त्यानंतरही २४ तासांत सोडियमची एकूण वाढ ८ च्या आत ठेवायची, नाहीतर मेंदूच्या पेशींची आवरणं झडतात.

जुलाब-उलट्यांच्या रुग्णाची गोष्ट उलटी. तिथे लघवीतलं सोडियम सहसा ३० च्या खाली असतं, आणि एडीएच सुटतं ते आकारमान घटल्यामुळे. सलाईनने आकारमान भरलं की एडीएच थांबतं, पातळ लघवी धो-धो सुरू होते आणि सोडियम वेगाने चढतं. म्हणून तासातासाची लघवी मोजा. १०० मिलीच्या वर गेली की लगेच कळवा आणि सोडियम पुन्हा पाठवा.