उत्तर: मॅनेज्ड केअर रेसिडेन्सीत शिकवावं का?

मॅनेज्ड केअर म्हणजे कुठला डॉक्टर, कुठलं औषध नि किती खर्च यावर इन्शुरन्सवाले लक्ष ठेवतात ती पद्धत. काहींचं म्हणणं असं की रेसिडेंटने (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात स्पेशालिटी शिकणाऱ्याने) आजार शिकावा, इन्शुरन्सचं ऑफिसवाले बघतील. मला नाही पटत. अमेरिकेत पीडियाट्रिक्सची रेसिडेन्सी ३ वर्षांची, त्यातला बराच वेळ वॉर्ड नि एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) जातो, आणि बाहेर पडल्यावर पोरगं समोर येतं ते मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी विम्याच्या) एखाद्या प्लॅनचं कार्ड घेऊन. मग कळतं की आपण लिहिलेला इनहेलर त्या प्लॅनच्या औषधांच्या यादीतच नाही. २०२४ च्या सुरुवातीला फ्लोव्हेंट हा दम्याचा ब्रँडेड इनहेलर बंद झाला तेव्हा हेच झालं, दम्याच्या पोरांच्या आया फार्मसीतून हात हलवत परत, आणि आम्ही प्रायर ऑथरायझेशनच्या (औषधाला इन्शुरन्सची आधी मंजुरी घ्यायच्या) फोनवर ते रटाळ म्युझिक ऐकत बसलेलो (एकदा तर माझा डबा तसाच राहिला).

कॅपिटेशनचंही तेच, म्हणजे प्लॅन डॉक्टरला दर मुलामागे महिन्याला ठरलेले पैसे देतो, पोर आलं काय न आलं काय. मग लस चुकलेल्यांना आपणच फोन करून बोलवायचं असतं हे कोण शिकवतं? एसीजीएमईच्या (अमेरिकेत रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) सहा कॉम्पिटन्सीत, म्हणजे यायलाच हव्यात अशा कौशल्यांत, सिस्टम्स-बेस्ड प्रॅक्टिस (आरोग्यव्यवस्था समजून त्यात काम करणं) आहे की, पण आमच्याकडे त्याचं एक दुपारचं लेक्चर, तेही अर्धे पेंगत. त्यापेक्षा कन्टिन्युइटी क्लिनिकमध्ये (जिथे रेसिडेंट तेच पेशंट पुन्हा पुन्हा बघतो) प्रत्येकाला इन्शुरन्सने नाकारलेली एक केस शेवटपर्यंत लढवायला लावा, अपीलचं पत्र स्वतः लिहू दे.