उन्हाळी सुट्टीत टेक्नॉलॉजीचं नेमकं काय शिकावं? (शिक्षकांनीच सांगा)

पाटी_पेन्सिल:
नमस्कार मंडळी. जि.प. शाळेत सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवते, नोकरीला १७ वर्षं झाली. दिवाळीनंतर लोकवर्गणीतून शाळेला मोठं टच पॅनेल मिळालं, सरपंच आले, नारळ फुटला, फोटो झाले, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मी त्यावर यूट्यूबशिवाय काही लावलेलं नाही. वर्गातलं पोरगं मला सांगतं, बाई तिथं नाही, वरून खाली ओढा. निष्ठाचे (सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे) कोर्स झालेत, दीक्षा या सरकारी अॅपवरचे झालेत, सर्टिफिकेटांची फाइल जाड झालीय पण डोक्यात काही नाही, कारण अर्धे व्हिडिओ मी भाजी निवडता निवडता नुसते पळवलेत (इथे कुणी साहेब नसावेत). त्यात ग्रुपवर रोज नवीन एआयचं नाव. लग्नं, माहेर, कुरडया-पापड वजा जाता हातात दहा-बारा दिवस उरतील. लॅपटॉप जुना, रेंज असली तर असते. काय शिकू?

भूमितीवाला:
मॅडम, एकच गोष्ट धरा. मी दोन वर्षांपूर्वी सुट्टीत फक्त जिओजेब्रा हे गणित-भूमितीचं सॉफ्टवेअर धरलं होतं, तेही अख्खं नाही, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एवढा एकच पाठ. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट नको. पहिल्या दिवशी कोन मोजायला गेलो तर ४० च्या जागी ३२० दाखवायला लागलं, म्हटलं सॉफ्टवेअर बिघडलं, मग कळलं की मी बिंदू उलट्या क्रमाने क्लिक करत होतो. हे घरी झालं म्हणून बरं, वर्गात झालं असतं तर परत हात लावला नसता. जूनमध्ये पोरांपुढे त्रिकोणाचं टोक ओढलं, कोन बदलतात पण बेरीज तीच, सगळी खूश, आणि एक मुलगी उठून म्हणाली सर ५९ अन् ६० अन् ६० म्हणजे १७९ होतात. दशांशस्थळं शून्यावर ठेवलेली, ५९.४, ६०.४ आणि ६०.२ होते ते. तो तास मग अंदाजे किमतीवरच गेला, आणि इतका रंगला म्हणून सांगू! शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, दहाएक मिनिटांचे असतात, बरेचसे मराठी आवाजात आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, तो थांबवायचा आणि आपण करायचं. भाजी निवडत बघून चालणार नाही, हाहा.

वऱ्हाडी_गुरुजी:
विज्ञान आहे तर फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, पहा ताई. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी २००२ ला सुरू केलं, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. रेंज असली तेव्हा एकेक फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाकायची, ब्राउझरमध्ये विनानेट उघडते. विद्युत परिपथाचं नक्की घ्या, तिथं वायर चुकीची जोडून शॉर्ट केलं की सेलला चक्क आग लागते, आमची पोरं मुद्दामच लावतात, आणि मग का लागली हे आपोआप विचारतात.
पण घरच्या लॅपटॉपवर चाललं म्हणून निश्चिंत राहू नका, शाळेत जाऊन त्याच पॅनेलवर एकदा लावून बघा. आमच्या पॅनेलच्या ब्राउझरमध्ये फाइल उघडलीच नाही. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला तर चित्र आलं पण टच काही चालेना, दोन दिवस डोकं फोडलं, शेवटी एका बारावीच्या पोराने सांगितलं की टचसाठी वेगळी यूएसबी केबल लावावी लागते. ती केबल पॅनेलच्या खोक्यातच होती, प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं.

जुना_खडू:
मी वेगळं बोलतो, राग नसावा. सुट्टी ही सुट्टी आहे. वर्षभर ऑनलाइन माहिती भरा, मतदारयाद्यांसाठी बीएलओ व्हा, आता मे महिन्यातही शिका. डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आनंदच आहे, पण तेव्हापासून आमच्याकडे दर मीटिंगला त्यांचं नाव घेऊन आम्हाला झापतात. आपण नाही बुवा डिसले. पहिले पंधरा दिवस तर मोबाइल बंद ठेवा.

पाटी_पेन्सिल:
@जुना_खडू दादा तुमचं पटतंय, पण ते पोरगं जूनमध्ये परत पुढच्याच बाकावर बसणार आहे. एआयचं कुणी सांगेल का?

मराठी_मीडियम:
मी सराव प्रश्नपत्रिकेला वापरते. काम झटपट होतं पण भाषा तपासावीच लागते. अपूर्णांकाचे दहा प्रश्न मागितले तर छेदाच्या जागी 'हर' आणि परिमितीच्या जागी 'परिमाप', म्हणजे हिंदीच. आता आधी पाठ्यपुस्तकातला उतारा टाकते आणि सांगते हेच शब्द वापर, तरी दहातले दोन प्रश्न फेकावेच लागतात, आणि उत्तरं स्वतः सोडवल्याशिवाय छापत नाही कारण एकदा उत्तरसूचीच चुकलेली निघाली. मुलांची नावं, फोटो, आधार नंबर चुकूनही टाकू नका, निकालपत्रकाचा फोटो तर अजिबात नको. आणि तुमच्याकडे माझ्यासारख्या जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका असतील, मोबाइलवर उघडल्या की नुसती किडे-मुंग्यांची रांग दिसते, त्या आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) करून घ्या. मी गेल्या मे महिन्यात तेवढंच केलं, दुपारी कूलरसमोर बसून. वर्षभर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

पाटी_पेन्सिल:
ठरलं मग. विद्युत परिपथाचा एक पाठ आणि जुन्या प्रश्नपत्रिका, बाकी काही नाही, एआय दिवाळीत बघू. आज पॅनेल बघायला शाळेत गेले तर खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक चारधामला.

वऱ्हाडी_गुरुजी:
शिपाईमामांना विचारा ताई, दुसरी किल्ली हमखास त्यांच्याकडेच असते.