नवी सिस्टिम टाकली, त्यानंतरचे पहिले आठ दिवस

विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून ओळखीतले निम्मे लोक मला ‘११ टाकू का?’ विचारतात आणि उरलेले ‘टाकलं, आता हे काय झालं?’ विचारतात. त्यावरून हा धागा सुचला. कोणती सिस्टिम चांगली हा वाद इथे नको, तो सात जन्म पुरेल. जुनी काढून नवी टाकली तेव्हा पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे काय झालं, एवढंच लिहा. साल कोणतंही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं. ७ आणि ८.१ वाल्यांना ते वर्षभर फुकट होतं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाजवळ खिडकीचं पांढरं चित्र येऊन बसलं होतं, ते रोज खुणावायचं. मला धास्ती होती फोटोंची. म्हणून सगळे फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर काढले, एक डिस्क तर कपाटात कुलपात ठेवली. मग अपग्रेड सुरू केलं. पडद्यावरच्या गोलात ८२ टक्के येऊन मशीन तासभर ढिम्म. हात जोडून बसलो, बटण दाबायचा मोह आवरला, आणि शेवटी झालं. फोटो जागच्या जागी. प्रिंटर चालू, आवाज चालू. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची हाक. “माझे पत्ते कुठे गेले रे?”

बाबा विंडोज ७ मधला हार्ट्‌स खेळायचे. रोज दोन डाव, चहाच्या आधी. किती जिंकले, किती हरले याची टक्केवारी त्यांना तोंडपाठ. विंडोज ७ चे खेळ अपग्रेडमध्ये काढून टाकले जातात हे सूचनांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं. यादी मी वाचली नव्हती, कारण यादीत फोटोंबद्दल काही नाही एवढंच बघितलं होतं. नव्या सिस्टिममध्ये पत्ते होते, पण सॉलिटेअरचे प्रकार. हार्ट्‌स नाही. तेव्हा एका महिन्याच्या आत जुन्या सिस्टिमवर परत जाता यायचं, सगळं ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात जपून ठेवलेलं असायचं. नवव्या दिवशी मी परत फिरलो. बाबांना त्यातल्या स्पायडर सॉलिटेअरची गोडी लागायला अकरा महिने गेले, आणि फुकटची मुदत संपायला चार दिवस उरले असताना, जुलै २०१६ मध्ये, मी पुन्हा विंडोज १० टाकलं.

तर माझा अनुभव असा की ज्याची काळजी केली ते सुखरूप राहिलं आणि जे ध्यानीमनी नव्हतं ते गेलं. तुमचं काय?

* * *

पत्त्यांवरून आठवलं. मी विंडोज ३.१ वरून ९५ वर गेलो तेव्हा तेरा फ्लॉप्या होत्या. एकेक घालायची, घरघर ऐकायची, पडदा म्हणेल तेव्हा पुढची. अकराव्या फ्लॉपीवर वाचता येत नाही असा संदेश आला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच संदेश. मित्राकडे तसाच संच होता. म्हटलं त्याच्या अकराव्या फ्लॉपीची नक्कल करू. होईना. नंतर समजलं की त्या फ्लॉप्या नेहमीच्या १.४४ एमबीच्या नव्हत्या, ठासून १.६८ एमबी भरल्या होत्या आणि साध्या नक्कल करायच्या आज्ञेला ती मांडणी कळायचीच नाही. शेवटी मित्राची मूळ फ्लॉपीच आणली. त्याने ती स्वतः घेऊन येण्याची अट घातली आणि काम होईपर्यंत शेजारी बसून राहिला.

पण खरी गंमत पुढे. ३.१ मध्ये खिडकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात अगदी टोकाला खिडकी मोठी करायचा बाण होता. ९५ मध्ये त्याच जागी फुली आली, खिडकी बंद करायची. हाताला काय माहीत! आठवडाभर मी खिडकी मोठी करायला जात होतो आणि ती बंद होत होती. रॅम चार एमबी, म्हणजे त्या सिस्टिमला लागणारी कमीत कमी. त्यामुळे बंद झालेलं परत उघडेपर्यंत हार्ड डिस्क कितीतरी वेळ किरकिर करत बसायची.

* * *

फुलीचा किस्सा अगदी खरा! मीही त्यातून गेलेय.

* * *

मी टायपिंगची कामे घेत असे. ९८ जाऊन एक्सपी आली तेव्हा सगळे नीट करायचे ठरवले, म्हणजे जुन्यावर नवे न चढवता सी ड्राइव्ह फॉरमॅट करून कोरी सिस्टिम टाकायची. पाच वर्षांची कागदपत्रे डी ड्राइव्हवर हलवली. एकूण एक फाईल मोजून घेतली. फॉरमॅट केले, एक्सपी टाकली, पहिली फाईल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरे, अधूनमधून उद्गारचिन्हे, डॉलर आणि कंस.

तेव्हा आम्ही मराठी लिहीत होतो ती फॉन्टच्या जोरावर. फायलीत खरे तर रोमन अक्षरांचेच क्रमांक असायचे, ‘क’ दिसायचा तो फॉन्टमुळे. आणि फॉन्ट असतात विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, सी ड्राइव्हवर. जो मी तासाभरापूर्वी पुसला होता. पाच वर्षांचे शब्द माझ्यासमोर होते आणि एकही वाचता येत नव्हता. मला अक्षरशः घाम फुटला. ते फॉन्ट ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याकडची मूळ सीडी चार दिवसांनी मिळाली आणि पुन्हा अक्षरे उमटली.

त्या चार दिवसांत एक चांगले झाले. युनिकोडची, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, ओळख झाली. एक्सपीमध्ये मंगल हा फॉन्ट होता, पण देवनागरी आपोआप नीट दिसत नसे. ‘स्थिती’ लिहिले की जोडाक्षर फुटायचे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एका चौकटीत बरोबरची खूण करावी लागे, मग सिस्टिम मूळ सीडी मागायची, रीस्टार्ट व्हायची, आणि मग वेलांटी जागेवर यायची. व्हिस्टापासून ही चौकट गेली. आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना वाटते मी वाढवून सांगते आहे.

* * *

ताई, वाढवून नाही. माझ्याकडे अजून त्या फॉन्टमधल्या तीनशेच्या वर फायली आहेत. बदलून घ्यायला मुहूर्त सापडत नाही.

* * *

एक्सपीवरून थेट ७. त्या उडीला अपग्रेडची सोय नव्हती, कोरीच टाकावी लागायची. ते मला चालणार होतं. चार जीबी रॅम होती, विंडोजच्या ३२ बिट आवृत्तीवर त्यातली सगळी वापरात येत नाही, म्हणून ६४ बिट आवृत्ती टाकली. मशीन भन्नाट पळायला लागलं. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत फिरलो.

तिसऱ्या दिवशी स्कॅनर जोडला. ‘अनोळखी उपकरण’. बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवायला शिकवणारी फाईल) काढलाच नव्हता, आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोज उभाच करत नाही. प्रोग्रॅम ३२ बिटचा चालतो, ड्रायव्हर नाही, हा फरक मला त्या दिवशी कळला. बरं, स्कॅनर ठणठणीत होता. काचेवर एक ओरखडा नाही. एक जुना डॉसच्या काळातला हिशेबाचा प्रोग्रॅमही गेला, कारण १६ बिटचं काहीच ६४ बिटवर चालत नाही, पण त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. स्कॅनरचं वाटलं. अखेर माळ्यावर टाकलेला जुना संगणक खाली आणला. त्यावर एक्सपी, नेट काढून टाकलेलं, आणि काम फक्त एक, स्कॅन करून पेन ड्राइव्हवर द्यायचं. आठ वर्षं त्या जोडीने नोकरी केली.

* * *

विंडोज ८. २०१२. संगणक बंद कसा करायचा? उजवीकडच्या कोपऱ्यात माउस नेला की पट्टी सरकून यायची, त्यात सेटिंग, त्यात पॉवर. हे कळेपर्यंत तीन दिवस मी लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटून ठेवत होतो.

* * *

माझं काहीच बिघडलं नाही. ७ वरून १०, १० वरून ११, दोन्ही वेळा रात्री लावलं, झोपलो, सकाळी झालेलं. असेही अनुभव असतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

* * *

वरच्या सुखी माणसाचा सदरा कुठे मिळेल?

मी उबुंटू टाकलं २००८ मध्ये, ८.०४. म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. तेव्हा त्यांना कळवलं की फुकट सीडी पोस्टाने घरी यायची. एक्सपी ठेवून शेजारी टाकलं. टाकायला अर्धा तास लागला, सगळं दिसायला देखणं, फक्त वायफाय नाही. वायफायचा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि नेट वायफायवर. लॅपटॉप उचलला, राउटरपाशी जमिनीवर बसलो, वायर जोडली, पंधरा मिनिटांत झालं. ही अडचण नव्हेच.

अडचण चार महिन्यांनी मी स्वतः ओढवून घेतली. डिस्कवर जागा कमी पडायला लागली म्हणून एक्सपीमध्ये बसून उबुंटूचा भाग पुसून टाकला. लिनक्सच पुसतोय, विंडोजला काय होणार, असा हिशेब. पुढच्या वेळी सुरू केलं तर काळा पडदा आणि ‘एरर २२’. मशीन सुरू होताना कोणती सिस्टिम हवी हे विचारणारा जो ग्रब असतो, त्याचं निम्मं बिऱ्हाड मी पुसलेल्या भागात होतं. दारावरचा रखवालदार उभा, पण किल्ल्यांचा जुडगा मी फेकून दिलेला. एक्सपीची सीडी घालून दुरुस्तीच्या पडद्यावर ‘फिक्सएमबीआर’ एवढा एक शब्द लिहिला आणि विंडोज परत आली. तो एक शब्द मिळवायला मात्र दुसऱ्याच्या संगणकावर अख्खा दिवस घालवला.

* * *

मॅकवाल्यांना चिमटा काढायची संधी देतो. २०१९ ला मॅकची कॅटलिना ही आवृत्ती आली, तिच्यात ३२ बिटचे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. आधीच्या आवृत्तीत वर्षभर सूचना येत होती की हा प्रोग्रॅम पुढे चालणार नाही. मी वर्षभर इमानेइतबारे ‘ठीक आहे’ दाबत होतो. अपग्रेडनंतर माझ्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमवर तिरकी रेघ मारलेला गोल. दोष कुणाला देणार?

* * *

११ चा ताजा अनुभव, कारण मूळ प्रश्न तोच आहे. माझा संगणक ११ ला चालणार नाही असं उत्तर आलं. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी मशीनमधली सोय) नाही म्हणे. शोधल्यावर कळलं की ते होतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बंद होतं. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. तुमचंही ‘चालणार नाही’ आलं असेल तर मशीन मोडीत काढण्याआधी तिथे बघा. प्रोसेसर जुना असेल, इंटेलचा असल्यास बहुधा आठव्या पिढीच्या आधीचा, तर मात्र अधिकृत उपाय नाही.

ते चालू केलं, ११ आलं, छान चाललं. मग उत्साहाच्या भरात बायोसही नवं करून घेतलं. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा, आणि त्यावर ४८ आकडी किल्ली मागितली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे हेच मला माहीत नव्हतं. बायोस बदललं की त्याला वाटतं मशीन कुणीतरी उघडलंय. किल्ली बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली असते. माझं खातं ज्या ईमेलवर होतं तो मी कॉलेजात उघडला होता आणि पासवर्ड एका जुन्या वहीत होता. वही सापडली. नसती सापडली तर काय, याचा विचार करत मी ते ४८ आकडे फोनच्या पडद्यावरून बघून तीनदा पडताळून टाकले.

तेव्हा, अपग्रेडच्या आधी ती किल्ली कागदावर लिहून घ्या. आणि तो कागद त्याच लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

* * *

मी ऑफिसातली सव्वाशे मशीन्स सांभाळतो. लोक येऊन म्हणतात ‘सगळ्याचा बॅकअप घेतलाय’. सगळा म्हणजे काय विचारलं की उत्तर येतं, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. ब्राउझरमधले पासवर्ड? मेलच्या प्रोग्रॅममधलं सहीचं चित्र? शब्दकोशात स्वतः घातलेले शब्द? चेहरा पडतो. धागाकर्त्याला मी एका बाबतीत विरोध करीन. ध्यानीमनी नव्हतं असं नाही, तुम्ही बाबांना विचारलं नव्हतं. मी आता फायली मागतच नाही. खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि म्हणतो, रोज सकाळी आल्यावर काय काय करता ते करून दाखवा. माझं स्वतःचं मशीन नेहमी सर्वांत शेवटी.

* * *

धागाकर्ता परत. विरोध मान्य. तुमची युक्ती काल बाबांवर करून पाहिली, कारण ११ टाकायचंय. त्यांना म्हटलं, रोज करता ते करा, मी नुसतं लिहून घेतो. एकूण सहा गोष्टी निघाल्या. स्पायडर, कॅल्क्युलेटर, दोन वर्तमानपत्रं, फोटोंचा एकच फोल्डर (बाकीचे त्यांनी कधी उघडलेच नाहीत, ज्यांच्यासाठी मी कुलूप लावलं होतं), आणि सहावी नोटपॅडची एक फाईल. नाव ‘अअअ’. डेस्कटॉपवर नाही, डॉक्युमेंट्समध्ये नाही, सी ड्राइव्हवर कुठल्याशा जुन्या प्रिंटरच्या फोल्डरात. त्यात काय आहे विचारलं तर लगेच बंद केली.

“ते तुला नको. ती राहिली पाहिजे, बस.”

दोन डिस्कवर घेतलीय. उघडलेली नाही.