एच-४ वरची मुलं आणि कॉलेज अ‍ॅप्लिकेशन: तुमचे अनुभव लिहा

लेक यंदा अकरावीत, म्हणजे इथल्या ज्युनियर इयरला. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलो, नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर, मी आणि पोरं एच-४ (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर. ग्रीन कार्डाच्या रांगेचं इथं कुणाला सांगायला नको. परवा कॉमन अ‍ॅपचं (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज) अकाउंट उघडलं आणि नागरिकत्वाच्या रकान्यापाशीच गाडी अडली. ज्यांची मुलं अशा ना इथली ना तिथली अवस्थेत कॉलेजला गेली त्यांनी लिहा ना. ऐकीव नको, स्वतःवर बेतलेलं सांगा.

नाशिककर_आई
आमचा मुलगा दहावीत असताना आलो. इथं हायस्कूल नववीपासून मोजतात, त्यामुळे शाळेतल्या काउन्सेलरबाईंना नववीचे मार्क हवेत. गुणपत्रिका होती पण मराठीत, आणि गणितात शंभरात ७१. बाई म्हणाल्या सी मायनस. अहो वर्गात दुसरा नंबर होता त्याचा! मग सासरे नाशिकच्या शाळेत तीनदा गेले. पहिल्यांदा क्लार्क रजेवर, दुसऱ्यांदा सही झाली पण शिक्का इतका पुसट की शाळेचं नावच वाचता येईना, तिसऱ्यांदा ते शाईचं पॅड घरून घेऊन गेले, खरं सांगतेय. लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी लिहून घेतल्या, की ३५ ला पास, ७५ च्या वर डिस्टिंक्शन, आणि याचा नंबर दुसरा. त्या ओळी काउन्सेलरने कॉलेजांना पाठवायच्या पत्रात जशाच्या तशा घातल्या. सुट्टीत भारतात जाणार असाल तर हे काम आत्ताच उरका.

दमलेला_बाबा
शाळेतल्या माहितीच्या कार्यक्रमात सांगितलं, सगळ्यांनी फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरा. मी रात्री एकपर्यंत बसलो. एच-४ ला पेल ग्रँट (सरकारी अनुदान) नाही, वर्क-स्टडी (शिकताना सरकारी मदतीचं काम) नाही, सरकारी कर्ज नाही, ते नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांसारखे मोजके लोक यांनाच. हे त्या कार्यक्रमात कुणी बोललंच नाही. सीएसएस प्रोफाइल हा दुसरा अर्ज मात्र भरता येतो, तो कॉलेजच्या स्वतःच्या पैशांसाठी. आता मेख ऐका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी कॉलेजं परदेशी मुलांचाही अर्ज पैशांकडे न बघता वाचतात, पण बऱ्याच ठिकाणी परदेशी गटात टाकलं आणि तुम्ही मदत मागितली की अ‍ॅडमिशनच अवघड होते. आणि इथल्याच हायस्कूलमधून निघालेलं एच-४ पोर कुठल्या गटात, हे कॉलेजागणिक बदलतं. आम्ही अकरा कॉलेजांना विचारलं, एकाने फोनवर एक सांगितलं नि मेलवर बरोबर उलटं. म्हणून लेखीच घ्या.

आता_एफ१
मी पालक नाही, स्वतः एच-४ होते, पाचवीपासून अमेरिकेत. अकरावीच्या उन्हाळ्यात सगळ्या मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या, मी काउंटरच्या अलीकडे. एच-४ मुलांना काम करता येत नाही, नोकरीला लागणारा सोशल सिक्युरिटी नंबरच नसतो. कुणी विचारलं की सांगायचे, आई नको म्हणते. आई बिचारी उगाच बदनाम. कॉलेजच्या निबंधात शेवटी तेच लिहिलं, आईच्या नावावर खपवलेल्या थापा. अ‍ॅडमिशन मिळाली, इन-स्टेट फीसुद्धा, म्हणजे त्याच राज्यातल्यांसाठीची कमी फी. पण कॉलेज चार वर्षांचं आणि एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, हा हिशोब आमच्या घरात कुणीच आधी केला नव्हता. एकविसाव्या वाढदिवसाला मैत्रिणी बार ठरवत होत्या आणि मी आय-५३९ ची (व्हिसा बदलण्याच्या अर्जाची) पावती शोधत होते. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) झाला तशी आमच्या युनिव्हर्सिटीत इन-स्टेट फी गेली, शेवटचं वर्ष बाबांनी पुण्याचा फ्लॅट विकून भरलं. भाऊ इथं जन्मलाय, त्याला यातलं काही कळतच नाही, तो म्हणतो ताई तू जास्त टेन्शन घेतेस.

सहज_वाचक
आमचं ग्रीन कार्ड बारावीच्या मार्चमध्ये आलं. त्याच दिवशी सगळ्या कॉलेजांना कळवलं आणि फाफ्सा भरला. दोघांनी एडचं (आर्थिक मदतीचं) पत्र बदलून दिलं, एकाने सांगितलं आता पुढच्या वर्षी.

धागाकर्ती
@आता_एफ१, वाचून पोटात गोळा आला. लेकीची जन्मतारीख बघितली, हिची एकविशी तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात पडते. पहिल्याच वर्षी एफ-१ करून टाकणं बरं, की शेवटपर्यंत एच-४ ताणावा? कुणी दोन्ही हिशोब मांडून बघितलेत का?