मदत हवी आहे: इंग्लंडने १८३४ साली गरीब कायदा नेमका का बदलला?

टिपणवही:
एम.ए. इतिहासाच्या उत्तरासाठी १८३४ च्या नव्या गरीब कायद्याची कारणं लिहायची आहेत. हाती आहेत ते मुद्दे असे: गरीबपट्टीचा (गरिबांच्या मदतीसाठी गावातून वसूल होणाऱ्या कराचा) खर्च फुगला, स्पीनहॅमलँड पद्धतीने (पावाच्या भावानुसार मजुरीला जोड भत्ता देण्याने) मजूर आळशी झाले, लोकसंख्या वाढली, कारखाने आले.

अडचण आकड्यांची आहे. खर्च १७७६ ला सुमारे १५ लाख पौंड, १८०३ ला ४० लाखांच्या वर, १८१८ ला ७८ लाखांच्या पुढे. इथवर ठीक. पण १८३२ ला ७० लाख! मग खर्च उतरल्यावर कायदा कसा आला? शिवाय आळशीपणाचा मुद्दा एका पुस्तकात ठामपणे येतो, दुसऱ्यात साफ खोडलेला दिसतो. स्पीनहॅमलँडचा हिशोब प्रत्यक्षात कसा चालायचा, हेही कुणी दाखवलं तर बरं होईल.

गावकूस:
आधी एक दुरुस्ती. 'ब्रिटनचा कायदा' लिहू नका. १८३४ चा कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता. आयर्लंडला वेगळा कायदा १८३८ ला आला, स्कॉटलंडला १८४५ ला.

आता हिशोब. ६ मे १७९५ ला बर्कशायरच्या मॅजिस्ट्रेटांनी पेलिकन नावाच्या खाणावळीत बसून तक्ता ठरवला. मोठा पाव (८ पौंड ११ औंस वजनाचा) १ शिलिंगाला असेल, तर पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग, आणि बायको व प्रत्येक मुलामागे १ शिलिंग ६ पेन्स मिळाले पाहिजेत. पाव एका पेनीने महागला की पुरुषाचे ३ पेन्स वाढणार, बाकी प्रत्येकाचा १ पेनी.

समजा पाव १ शिलिंग २ पेन्स. नवरा, बायको, तीन मुलं. पुरुषाचे ३ शिलिंग ६ पेन्स, बाकी चौघांचे प्रत्येकी १ शिलिंग ८ पेन्स म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स. एकूण १० शिलिंग २ पेन्स. मजुरी ८ शिलिंग असेल तर पॅरिश (गरिबांची जबाबदारी असलेला स्थानिक चर्चचा गाव-विभाग) २ शिलिंग २ पेन्स घालणार. शेतकऱ्याने मजुरी ७ वर आणली तर पॅरिश ३ शिलिंग २ पेन्स देणार. मजुराच्या हाती दोन्ही वेळा तेवढेच. (१ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, हे विसरलात तर बेरीज फसते.)

खरी मेख पुढे आहे. गरीबपट्टी गावात जमीन किंवा घर वहिवाटणाऱ्या प्रत्येकावर बसे. घरच्याच माणसांवर शेती करणारा छोटा शेतकरी आणि दुकानदार पट्टी भरायचे, आणि त्यातून मोठ्या शेतकऱ्याच्या मजुरांचा पगार भरून निघायचा. 'राउंड्समन' पद्धतीत तर बेकार मजुराला दारोदार फिरवत आणि त्याच्या मजुरीचा काही भाग पॅरिश उचले. तक्रार करणारे सगळे धनदांडगे नव्हते, ही बाजू उत्तरात आलीच पाहिजे.

१८३२ ला नेमलेल्या गरीब कायदा चौकशी आयोगाच्या अहवालातलं गाजलेलं उदाहरण बकिंगहॅमशायरच्या चोल्सबरीचं. १८०१ ला तिथली पट्टी १० पौंड ११ शिलिंग होती. १८३२ ला ३६७ पौंडांवर पोचली आणि वसुलीच थांबली. मालकांनी खंड सोडला, कुळांनी जमिनी सोडल्या. पण हे टोकाचं गाव आहे, सरासरी म्हणून वापरू नका.

उलटतपासणी:
७० लाखांचं कोडं गव्हाच्या भावाने सुटतं. १८१८ ला गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला (धान्याचं जुनं माप) ८६ शिलिंग ३ पेन्स होता, १८३२ ला ५८ शिलिंग ८ पेन्स. गव्हात मोजलं तर १८१८ चा खर्च सुमारे १८ लाख क्वार्टर, १८३२ चा २४ लाख. लोकसंख्या वाढल्यामुळे माणशी फरक फार उरत नाही, हे खरं. पण पट्टी भरणारा शेतकरी माणशी हिशोब करत नाही. त्याचं उत्पन्न गव्हाच्या भावावर आणि तो पडलेला, पट्टी मात्र त्या मानाने उतरलेली नाही.

आळशीपणाच्या मुद्द्यावर गावकूस यांचं गणित बरोबर आहे, पण तो कागदावरचा तक्ता आहे. सगळीकडे तो तसाच लागू नव्हता. बऱ्याच ठिकाणी फक्त मोठ्या कुटुंबाला मुलांचा भत्ता मिळे. १९६३ ला मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने कारण-परिणाम उलटे करून दाखवले: भत्त्यामुळे मजुरी पडली नाही, मजुरी कमी आणि हिवाळ्यात काम नाही म्हणून भत्ता आला. जास्त खर्चाचे परगणे पाहा. ससेक्ससारखे दक्षिण-पूर्वेचे, धान्य पिकवणारे. तिथे बायकांची घरगुती सूतकताई यंत्रांनी खाल्ली होती, सामायिक कुरणं कुंपणात गेली होती आणि १८१५ नंतर नेपोलियनविरुद्धच्या लढाईवरून सुटलेले सैनिक कामाच्या शोधात परतले होते.

म्हणून 'आळशी झाले' असं सरळ विधान करू नका. 'आयोगाने असं मानलं' असं लिहा. आयोगाने तसं मानणं हेच सुधारणेचं कारण आहे, मग ते खरं असो वा नसो.

आणि तारखेचं उत्तर खर्चात नाहीच, १८३० मध्ये आहे. ऑगस्टमध्ये केंटमधल्या लोअर हार्ड्रेसला मळणीयंत्र फोडलं गेलं आणि 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा मजुरांचा उठाव दक्षिणेत पसरला. हाताने मळणी हे मजुराचं हिवाळ्यातलं काम होतं, यंत्राने तेच काढून घेतलं. गंजी पेटल्या त्या बहुतेक भरपूर भत्ता देणाऱ्या भागातच. पैसे देऊनही शांतता मिळत नसेल तर द्यायचे कशाला, हा विचार तिथून बळावला. १८३२ ला आयोग नेमला आणि ग्रामीण प्रश्नावलीतला ५३ वा प्रश्न थेट दंगली आणि जाळपोळीच्या कारणांचा ठेवला.

टिपणवही:
गव्हाचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता, आभार. मग माल्थस आणि बेंथम कुठे बसवू? आणि कारखाने?

गावकूस:
विचारवंतांना कारण म्हणून नको, 'हाच उपाय का निवडला' याचं उत्तर म्हणून बसवा. भत्ता दिला की लोकसंख्या वाढते, हा माल्थसचा धागा. अहवालाचा एक लेखक चॅडविक हा उपयुक्ततावादी विचारवंत बेंथमचा सचिव राहिलेला, त्यामुळे केंद्रीय मंडळ आणि एकसारखे नियम. वर्कहाउसमधली (मदत हवी तर गरिबाने राहून काम करायची जागा) स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा वाईट हवी, हे तत्त्व मात्र आधी गावपातळीवर वापरून पाहिलेलं होतं. नॉटिंगहॅमशायरच्या साउथवेलला बेचर आणि निकोल्स यांनी १८२० च्या दशकात ते राबवलं, आणि हेच निकोल्स पुढे नव्या केंद्रीय मंडळाच्या तीन आयुक्तांपैकी एक झाले.

माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत होता, आणि मुंबई इलाख्यातले कंपनीचे मुलकी अधिकारी तिथून यायचे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये मदतीआधी कामाची आणि अंतराची कसोटी लावली, तिचा विचार याच घराण्यातला. एका वाक्यापेक्षा जास्त नको, विषय भरकटेल.

उलटतपासणी:
कारखान्यांचा मुद्दा सगळे घाईत लिहितात. आयोगाच्या डोळ्यांसमोर दक्षिणेचं खेडं होतं. उत्तरेत प्रश्न मंदीच्या लाटांचा होता: गिरणी बंद पडली की एका आठवड्यात हजारो बेकार, वसंतात परत कामावर. त्यांना वर्कहाउसमध्ये कोंबणं शक्यच नव्हतं, म्हणूनच १८३७ ला हडर्सफील्डमध्ये एवढा विरोध झाला. कारखाने कारण म्हणून येतात ते मजूर हलवण्याच्या संदर्भात. सेटलमेंटच्या (कोणत्या गावाने मदत द्यायची ते ठरवणाऱ्या) नियमाने माणूस आपल्या पॅरिशला बांधलेला. वर्षभर नोकरी केली की नव्या गावात हक्क मिळे, म्हणून शेतकरी ५१ आठवड्यांसाठीच ठेवायचे. १८३४ ने नोकरीतून मिळणारा हा हक्क काढला आणि नव्या आयुक्तांनी सफोकची कुटुंबं लँकशायरच्या गिरण्यांकडे पाठवली. १८३७ च्या मंदीत ती योजना आटोपली.

क्रम असा ठेवा: १८१५ नंतरची शेतीची मंदी, पट्टीचा भार आणि तो कुणावर, १८३० चा उठाव, आयोगाची भत्त्याबद्दलची धारणा, मग उपायाची निवड. युनियन (अनेक पॅरिशचे एकत्रित गट) झाल्या म्हणून पॅरिशचा भार संपला असं मात्र लिहू नका. प्रत्येक पॅरिश आपल्या गरिबांचा खर्च १८६५ पर्यंत स्वतःच उचलत होती. परीक्षक तिथे हमखास गुण कापतात.